विहिरीचा मालक

एकदा काय झालं, समुद्रकाठच्या एका गावात खैरून नावाची बाई राहायची. नवरा गलबतावर गेलेला. घरात ती आणि तिची लहानगी लेक सुगरा, दोघीच.

गावात विहीर एकच, आणि त्या वर्षी ती अचानक आटली. बायका डोंगरापल्याडून पाणी आणायच्या. त्यात सुगराला ताप भरला. लेक सारखी पाणी मागायची आणि घरात थेंब नाही. तापल्या लेकीला टाकून डोंगरापल्याड जाववेना. मग खैरून भर दुपारी कळशी घेऊन विहिरीवर गेली. म्हणाली, तळाशी ओंजळभर तरी असेल.

खाली वाकते तर काय, आतून धूर वर आला. धुराला डोळे फुटले, दाढी फुटली. जिन्न होता तो, बरं का! चिंचेच्या झाडापेक्षा उंच.

"मी या विहिरीचा मालक," तो गरजला. "माझ्यापुढे माथा टेक. हातात घालायला सोन्याचे गोठ देतो."

खैरून दोन पावलं मागं सरली. पण ती म्हणाली, "नको रे बाबा. माझा माथा फक्त अल्लापुढे टेकतो. तो एकच आहे. त्याला कुणी जन्म दिला नाही, आणि त्याच्यासारखं दुसरं कुणी नाही."

मग जिन्न म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं गलबत आजच बंदराला लावतो."

खैरूनचे डोळे भरून आले. पदरानं पुसत ती म्हणाली, "तो कधी यायचा ते अल्लाच्या हाती. तिथं तुझा हात पोचायचा नाही."

मग जिन्नानं आवाज अगदी मऊ केला. "पाणी देतो. लेकीला पाज. एकदाच टेक माथा. इथं आहे कोण बघायला?"

आता मात्र खैरूननं कळशी खाली ठेवली. सुगराचे सुकलेले ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले. ती मटकन खाली बसली. गुडघे मातीला लागले. जिन्न खूश झाला. पण तिचा माथा काही खाली जाईना. ती रडायलाच लागली.

"आहेत की बघणारे," ती म्हणाली. "अल्ला बघतो. खांद्यांवर त्याचे फरिश्ते आहेत, नुराचे, उजेडाचे, सगळं लिहून ठेवणारे. आणि एक दिवस असा येईल, मेलेले सगळे उठतील आणि त्याच्यापुढे उभे राहतील. मी राहीन. तूही राहशील."

"मी?" जिन्न दचकला. "मी तर आगीचा!"

"तू आगीचा, आम्ही मातीचे. घडवणारा तोच. तुला कुणी सांगितलंच नाही का रे? रस्ता दाखवायला त्यानं किती पैगंबर पाठवले! आदम, नूह, इब्राहीम, मूसा, ईसा, आणि सगळ्यांत शेवटी आपले मुहम्मद रसूल. सलाम असो सगळ्यांवर. किताबा पाठवल्या. कुराण तर माणसांसाठी आहे, तसंच तुम्हा जिन्नांसाठीही."

ऐकता ऐकता जिन्न लहान होत गेला. चिंचेच्या झाडाहून उंच होता, तो केळीएवढा झाला. मग कळशीएवढा.

"मी तर भोळ्या लोकांना घाबरवून माथे टेकायला लावले," तो पुटपुटला. "माझं काय होणार?"

"तौबा कर. मनापासून त्याची माफी माग. त्याच्या रहमतीला काठ नाही."

जिन्न खालमानेनं म्हणाला, "आपा, खरं सांगू? पाणी द्यायची ताकद माझ्यात नाहीच. मी नुसता झऱ्याच्या तोंडावर बसलो होतो."

"मग ऊठ की, मेल्या!" खैरून ओरडली.

तो उठला. आणि खालून असं खळखळून पाणी आलं! खैरूननं बिस्मिल्ला म्हणून कळशी भरली आणि धावत घर गाठलं. सुगरा घटाघट पाणी प्यायली. ताप काही लगेच गेला नाही हं. हळूहळू, अल्लाच्या मर्जीनं उतरला. गलबतही पावसाळ्याआधी सुखरूप आलं.

जिन्न पुन्हा कुणाला दिसला नाही. पण अजान झाली, की विहिरीतलं पाणी जरा वेळ हलायचं थांबायचं. मग खैरूनकडून सगळं ऐकलेल्या बायका दोर तसाच धरून उभ्या राहायच्या. म्हणायच्या, "थांबा गं, सजद्यात असेल बिचारा, अल्लापुढे माथा टेकून."

अशी ती माणसं सुखानं राहिली, आणि तो जिन्नही. चला, आता उजव्या कुशीवर वळा, कलमा म्हणा, आणि मिटा बघू डोळे.