लोण्याकडची बाजू

"मग त्यात चुकलं काय, सर?"

मिहीर ओगलेचा आवाज जरा चढलाच होता. खोलीत बसून विमान उडवायला शिकवणाऱ्या सिम्युलेटरसाठी त्यानं अख्खं खोरं उभं केलं होतं. डोंगर, ओढा, गाव, शेतं. कॅप्टन रंगराव डुबल 'हो' म्हणाले, की फ्लाइंग स्कूलची पोरं त्यावर शिकणार होती. मिहीर विमान शिकला तो त्यांच्याच हाताखाली. त्यांच्या एका शाबासकीसाठी त्यानं रात्रीचा दिवस केला होता.

आणि सर नुसते पडद्याकडे बघत बसले होते…

"वरून काढलेल्या मूळ फोटोत शेतं कशी होती?" त्यांनी विचारलं.

"नुसत्या चिंध्या हो! ओढ्यापासून वर माळापर्यंत लांबच लांब पट्ट्या. बघवेना. मी पुसून चौकोन केले. कसं देखणं झालंय!"

सरांनी हात लांबवून पडद्यावरच्या विमानाचं इंजिन बंद केलं.

"उतर."

मिहीर गालात हसला. खाली चौकोनच चौकोन. त्यातला एक निवडून त्यानं विमान अलगद टेकवलं.

"कुणाच्या शेतात उतरलास?"

"कुणाच्या म्हणजे? चित्र आहे ते, सर."

"हं…"

जेवायची वेळ झालीच होती. सरांनी डबा उघडला. आत एकच भाकरी, तिच्या एका कडेला लोण्याचा गोळा.

"आपण दोघं भाऊ. कर वाटणी."

मिहीरचं सगळं लक्ष पडद्यावर. त्यानं भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी सरांना दिली. सर निमूट खाऊ लागले.

मिहीरचा घास तोंडापाशीच थांबला. लोणी सगळं त्याच्याच तुकड्यावर होतं.

"सर, तुम्हाला कोरडी आली…"

"तुकडे तर सारखे केलेस की."

 मिहीरनं आपली अर्धी पुन्हा मोडली, या वेळी लोण्यातून उभी, आणि एक भाग सरांपुढे ठेवला. ठेवता ठेवता त्याची नजर पडद्याकडे गेली. खाली ओढा आणि काठचं काळं रान. वर खडकाळ माळ.

कुण्या बापांनी पोरांसाठी पाडलेल्या पट्ट्या होत्या त्या! प्रत्येकाला थोडं पाणी, प्रत्येकाला थोडे दगड. आणि आपण त्यांना चिंध्या म्हणालो. त्याला स्वतःची लाज वाटली. त्या न पाहिलेल्या माणसांचं मात्र फार फार कौतुक वाटलं.

सर बोटं चाटत होते. 

मिहीरनं सगळे चौकोन पुसले. पट्टी न् पट्टी परत मांडली. बांध घातले, बांधावरच्या बाभळी लावल्या, कुठं ज्वारी, कुठं हरभरा. महिन्याभरानं तो पुन्हा सरांशेजारी बसला.

सर बराच वेळ खोऱ्यावरून उडत राहिले. ओढ्याला लागून, मग माळावरून. 

सरांनी इंजिन बंद केलं.

"उतर."

समोरच एक सरळ, लांब पट्टी होती. मिहीरनं नाक तिकडं वळवलं. पट्टी जवळ आली. हुरड्याला आलेली ज्वारी, त्यानं स्वतःच पेरलेली…

त्याचा हात थबकला.

त्यानं विमान फिरवलं आणि गावच्या गायरानावर नेलं. तिथं धोंडेच धोंडे. मोठा आवाज झाला, विमान कलंडलं आणि पडदा थांबला.

"चाक मोडलं, सर." मिहीरनं मान खाली घातली. "पुरता नापास झालो."

सरांनी कमरेचा पट्टा सोडला. उठता उठता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"उद्यापासून पोरं बसव," ते म्हणाले. "तिथं आता माणसं राहायला आलीत."