सातला सहा वाटा

एका राज्यात जे मोठे तेच खरे, अशी रीत होती. ताट मोठे, पागोटे मोठे आणि फाशांवर लावायचा आकडाही मोठा. दोन फाशांची बेरीज बारा येईल असेच राजाने म्हणायचे. त्याहून कमी म्हणणे म्हणजे भित्रेपणा! राजा भद्रसेन जादूगार कालजंघाशी खेळला, बारा म्हणाला, हरला आणि बसल्या जागी पाषाण झाला.

राजकन्या तरंगिणीला आई नव्हती. होता तो बाप, तोही आता दगड. तिचा जीव तिळतिळ तुटे. अखेर राजवाड्यातली बोलकी साळुंकी खांद्यावर घेऊन ती कालजंघाच्या गुहेशी गेली.

"तीन कामे कर, बाप सोडीन," कालजंघ म्हणाला. "चुकलीस तर तूही दगड."

"कबूल."

गुहेपुढे भले थोरले गोल रिंगण होते. त्याच्या केंद्रबिंदूत फासे पुरलेले. ते काढायचे, कुदळ मात्र एकदाच मारायची.

"अंदाजपंचे दाहोदरसे करू नको हं!" साळुंकीने बजावले.

तरंगिणीने परिघाच्या एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत दोर ताणला. ही झाली जीवा. तिच्या बरोबर मध्यातून काटकोनात रेघ ओढली. मग दुसऱ्या बाजूला तिरपी जीवा ताणून तिलाही तशीच रेघ काढली. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे कुदळ घातली. खण्णकन आवाज झाला आणि फासे उसळून वर आले.

गुहेमागे दोन सरळ वाटा दूर गेल्या होत्या. "जिथे या मिळतात तिथली माती आण," कालजंघ म्हणाला. दूरवर त्या खरेच जवळ आल्यासारख्या दिसत. त्या नादी लागून कित्येक सरदार चालता चालता म्हातारे झाले होते. तरंगिणीने ठिकठिकाणी मधले लंब अंतर दोराने मोजले. सगळीकडे सारखेच!

"अशी माती कुठेच नाही," ती म्हणाली. "वाटा समांतर आहेत."

कालजंघाने दातओठ खाल्ले. "फासे तीनदा टाकीन. दर वेळी आधी बेरीज सांग. एकदा तरी ती आली पाहिजे. बोल!"

"बारा म्हण! राजाची लेक ना तू?" साळुंकी फडफडली.

तरंगिणीने मनाशी मांडणी केली. दोन फाशांच्या निष्पत्ती, म्हणजे पडण्याच्या तऱ्हा, छत्तीस. बाराला वाट एकच, सहा आणि सहा. सातला मात्र सहा वाटा: एक-सहा, दोन-पाच, तीन-चार आणि याच उलट्या. तिच्या कुळात एवढा लहान आकडा कुणी उच्चारला नव्हता. तिचे कान लाल झाले.

"सात."

फासे पडले. सहा आणि सहा!

कालजंघ पोट धरून हसला. साळुंकीने डोळे मिटले. "आता तरी बारा म्हण गं!"

"मागे काय पडले ते फाशांना ठाऊक नसते," तरंगिणी म्हणाली. पण खात्री कुठे होती? होती ती फक्त जास्तीची शक्यता. "सातच."

पाच आणि तीन. तिची बोटे गार पडली, टाचा दगड होऊ लागल्या.

"सात," ती पुटपुटली.

चार. दुसरा फासा गिरक्या घेत राहिला, कलंडला आणि थांबला. तीन!

कालजंघाचा धूर झाला. वाटांवरचे सरदार तरुण होऊन घरी परतले. सिंहासनावर भद्रसेनाने डोळे उघडले, तो लेक धावत येऊन गळ्यात पडली.

"किती पडले गं?" त्याने विचारले.

"सात."

"एवढेसेच?"

"एवढ्यात तुम्ही मिळालात, बाबा," ती म्हणाली आणि हसता हसता रडू लागली.