वाढलेली गोधडी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांना अजून नावं पडली नव्हती. लोक आपले 'अलीकडे' आणि 'पलीकडे' म्हणत, आणि त्यावाचून कुणाचं अडत नसे.

अलीकडे एक कुंभारीण राहायची. कष्टाळू, मायाळू, पण तोंडाची भारी फटकळ. मडकं फुटलं की ती फुटलं म्हणायची आणि माणूस खोटं बोललं की त्याच्या तोंडावर खोटारडं म्हणायची. "आपलं म्हणजे एक घाव दोन तुकडे," असं ती चारचौघींत अभिमानानं सांगे, आणि चारचौघी जपून माना डोलावत.

तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. कुंभारणीची स्वतःची आई कधीच देवाघरी गेली होती आणि तिच्या मागे उरलं होतं ते एक मोरपंखी लुगडं. कुंभारणीनं ते उतरंडीच्या तळच्या मडक्यात जपून ठेवलं होतं. कधी फार आठवण आली की ती ते बाहेर काढायची, नाकाशी धरायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची.

आता तिच्या मनानं घेतलं, की या लुगड्याची गोधडी शिवून घ्यायची आणि बाळाला पहिल्यांदा टेकवायचं ते तिच्यावरच. आई काही पतवंड बघायला नाही. निदान तिचा पदर तरी बाळाच्या पाठीखाली असावा.

पलीकडे गोधड्या शिवून देणारी एक बाई होती. तिचा टाका मुंग्यांची रांग चालावी तसा बारीक आणि सरळ. कुंभारीण नदी उतरून तिच्याकडे गेली. लुगडं तिच्या हातात देताना तिचा हात दोनदा मागे आला.

"पदर मधोमध वरच्या अंगाला येऊ दे बरं का," ती म्हणाली. "बाळाची पाठ तिथंच टेकेल."

मजुरी म्हणून एक रांजण द्यायचा ठरला. दुसऱ्याच दिवशी कुंभारणीनं तो गाढवावर बांधून पोचवला. भट्टीतच त्याच्या बुडाशी केसाएवढी चीर गेली होती, म्हणून तो कुणी घेत नव्हतं. पण ही गोष्ट काही तिनं फटकळपणानं सांगितली नाही. "जरा पाझरेल हं," एवढंच म्हणाली. "पाझरल्याशिवाय पाणी गार होत नाही."

पुढे एका सकाळी कुंभारीण अंगणात चिखल तुडवत होती. बघते तर दारात गोधडीवाली उभी. हात रिकामे, डोळे सुजलेले.

"कुंभारीणबाई, सांगायला तोंड नाही मला. गोधडी वाढली."

"वाढली?"

"माझ्याच हातून वाढली. अगदी पदराच्या जागी."

कुंभारणीला काही उमजेना. गोधडी वाढली तर त्यात रडायचं काय? कापड ताणलं गेलं असेल, नाहीतर जोडताना चार बोटं जास्त आली असतील.

"केवढी वाढली?" तिनं विचारलं.

"तळहाताएवढी."

"एवढंच ना! अगं, मग बरंच झालं की. पोर काय एवढंसंच राहणार आहे?"

गोधडीवाली तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "पण बाई, आईचं लुगडं होतं ते तुमच्या."

"मग? आईचंच वाढलं ना, परक्याचं नाही!"

गोधडीवालीला हुंदका आला. "आता तिथं काही करू, की तशीच राहू दे?"

"तशीच राहू दे. उगीच कातर लावशील माझ्या आईच्या पदराला!"

त्यावर गोधडीवालीनं वाकून तिचे चिखलानं भरलेले पाय धरले आणि डोळे पुसत निघून गेली. कुंभारीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हिला झालंय तरी काय गं?" तिनं लेकीला विचारलं.

"पलीकडची माणसं जरा हळवीच असतात, आई," लेक म्हणाली. तेवढ्यावर तो विषय संपला.

संपला म्हणजे घरात संपला. बाजाराच्या दिवशी पलीकडच्या बायका मडकी घ्यायला आल्या आणि एकेक जण तिचे हात हातात घेऊ लागली. "काय तुमचं काळीज हो! दुसरी कुणी असती तर तिला नदीत ढकललं असतं." कुंभारीण पुरती गोंधळली. तळहातभर वाढलेल्या गोधडीसाठी बाईला नदीत ढकलतात की काय पलीकडे? पण स्तुती कुणाला कडू लागते? कळली नाही, तरी तिनं ती ठेवून घेतली.

लेकीला बारीक कळा सुरू झाल्या त्याच दिवशी गोधडीवाली गोधडी घेऊन आली. कुंभारणीनं घाईघाईनं घडी उलगडली. लाल काठ, मोरपंखी रंग, मुंग्यांच्या रांगांसारखे टाके. आणि मधोमध, आईच्या पदरावर, तळहाताएवढं भोक. कडा काळ्या पडलेल्या.

"हे काय?"

"तेच ते, बाई. सांगितलं होतं ना."

"जळलंय हे! माझ्या आईचा पदर जाळलास तू!"

गोधडीवालीनं कानांवर हात ठेवले. "असं नका हो म्हणू! बाळाची वस्तू आहे. मी त्याच दिवशी येऊन सांगितलं तुम्हाला."

"काय सांगितलंस? वाढली म्हणून सांगितलंस!"

"मग वाढलीच आहे की!"

"जळली आणि म्हणे वाढली! खोटारडे!"

"तुम्हीच म्हणालात, तशीच राहू दे. तुम्ही तर मला माफ केलं होतं, कुंभारीणबाई."

"चोर तो चोर, वर शिरजोर! माझी पायरी चढू नकोस पुन्हा!"

गोधडीवाली रडत नदीकडे गेली. ती विचार करत होती, या बाईला एकाएकी झालं काय? आणि इकडे कुंभारीण विचार करत होती, ही बाई वेडी आहे की मला वेडं समजते? दोघी आपापल्या जागी खऱ्या होत्या, आणि दोघींच्या डोक्यात नुसता काला झाला होता.

कुंभारणीचं मन पेटलं होतं. शेजारणीला लेकीजवळ बसवून ती तडक देवीच्या देवळात गेली. या गोधडीवालीचं वाटोळं होऊ दे, असं गाऱ्हाणं घालायचं तिनं ठरवलं होतं. तिनं नारळ गुरवाच्या हातात दिला.

"वाढवू का?" गुरवानं विचारलं.

"वाढव."

गुरवानं नारळ दगडावर आपटला. दोन भकलं झाली. कुंभारीण त्या भकलांकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"गुरवबाबा, नारळ फुटला ना?"

"असं कुठं म्हणतात का, बाई, देवीपुढे? नारळ वाढला म्हणावं. बांगडी पिचली तर तुम्ही काय म्हणता?"

"वाढली म्हणते," कुंभारीण हळूच म्हणाली.

जन्मभर ती नारळ वाढवत आली होती, बांगड्या वाढवत आली होती. पण गोधडीही वाढू शकते, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पलीकडे ती चाल बाळाच्या वस्तूंनाही होती, एवढंच. "तळहाताएवढी," असं ती बाई रडत सांगत होती, आणि आपण काय म्हणालो? बरंच झालं! कुंभारणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाऱ्हाणं काय घालू?" गुरवानं विचारलं.

"काही नको," ती म्हणाली. नारळाची भकलं ओच्यात घेऊन ती घरी आली, गोधडी काखेत मारली आणि नदी उतरून पलीकडे गेली.

गोधडीवालीनं तिला दारात पाहिलं आणि ती घाबरली. पण दारी आलेल्याला पाणी द्यायचं म्हणून ती तांब्या घेऊन रांजणाकडे वळली. तिला पार आत वाकावं लागलं. रांजणाखालची जमीन ओली किच्च होती.

"हा गळतो की गं," कुंभारीण म्हणाली.

"गळत नाही, पाझरतो. तुम्हीच सांगितलं होतं ना. मी आपली एक खेप जास्त घालते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते कुंभारणीला जास्त लागलं. फटकळ बाईची जीभ जन्मात पहिल्यांदा अडखळली.

"फुटका आहे तो," ती शेवटी म्हणाली. "मला माहीत होतं. माहीत असून दिला मी तुला."

गोधडीवालीनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "मग माझंही ऐका. गोधडी जळली, बाई. शेजारी शेगडी होती आणि शिवता शिवता मला डुलकी लागली. निखारा उडाला तो कळलाच नाही. बाळाच्या वस्तूला जळली म्हणायला जीभ रेटेना, हे खरं. पण वाढली म्हटलं की माझी चूकही जरा लहान वाटत होती, हेसुद्धा खरं."

दोघी रडल्या. एक आईच्या पदरासाठी आणि दुसरी स्वतःच्या चुकीसाठी. शेवटी कुंभारणीनं आपल्या अंगावरच्या लुगड्याचा पदर हातात धरला आणि टर्र करून एक तुकडा फाडला.

"जळली तर जळली. घे सुई," ती म्हणाली. "आता आपण दोघी मिळून ती वाढवू या."

नारळाचं खोबरं खात दोघींनी तो तुकडा भोकावर बसवला. कुंभारणीचे टाके वाकडेतिकडे पडले, पण गोधडीवालीनं ते उसवले नाहीत. गोधडी घेऊन कुंभारीण घरी पोचली आणि दिवेलागणीला बाळ जन्मलं. त्याला त्या गोधडीवर टेकवलं, तेव्हा त्याच्या पाठीखाली पणजीचा पदर होता आणि आजीचाही. जळलेला तुकडा मात्र परत आला नाही. कुंभारीण कधीकधी त्या जागी हात ठेवून बसायची.

बाळ बारशाचं झालं, तेव्हा तिनं नवा रांजण स्वतः पलीकडे नेला. गोधडीवालीनं तो आत घ्यायला हात पुढे केले, तर कुंभारीण म्हणाली, "थांब. आधी वाजवून घे."

आणि म्हणून लहानांनो, मोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: हातून झालेलं नुकसान सरळ शब्दांत सांगावं, आणि कानावर आलेला शब्द मडक्यासारखा वाजवून घ्यावा.