घोडपाण्याची पाणपोई

घोडपाणी नाक्यावर उतरलात की आधी डोळ्यांत भरते ती काचेची इमारत. तिच्याकडे मान वर करून बघत बसू नका, तसल्या इमारती आता गल्लोगल्ली झाल्या आहेत. तिच्या कुंपणाला टेकून, फुटपाथच्या कडेला, काळ्या दगडाची एक बुटकी पाणपोई उभी आहे. वर माणसांसाठी दगडी पन्हळ, खाली जनावरांसाठी हौद आणि कपाळपट्टीवर कोरलेला घोडा. त्याचा एक कान झिजून गेला आहे, पण चाल अजून ओळखू येते. हौदावर आता कबुतरं आणि गल्लीतली कुत्री तेवढी येतात.

थोडा वेळ इथं उभे राहा. पाठीवर जेवणाच्या पेट्या घेऊन दुचाकीवरून पळणारी पोरं थांबतात, टॅक्सीवाले थांबतात, समोरच्या इमारतींचे वॉचमन येतात. पन्हळीपाशी बसलेला माणूस तांब्या उचलण्याआधी प्रत्येकाला विचारतो, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" कुणी बीड म्हणतो, कुणी गोरखपूर, कुणी नुसतंच उल्हासनगर. काहीही सांगितलं तरी चालतं, पण गावाचं नाव घेतल्याशिवाय पाणी मिळत नाही. आणि मागच्या कऱ्हेवाडीतला माणूस, घशाला कितीही कोरड पडली तरी, इथं ओंजळ धरत नाही. नवी सून वाडीत आली की तिच्या अंगाची हळद उतरायच्या आत तिला हे सांगून ठेवतात. तिनं का म्हणून विचारलं, तर भिवराबाईची गोष्ट सांगावी लागते.

घोड्यांच्या ट्रामी जाऊन विजेच्या यायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. कऱ्हा नदीच्या काठची, पुरंदराकडची माणसं दुष्काळाला कंटाळून मुंबईला आली आणि गोदीवर हमाली करू लागली. त्यांनी वस्ती केली म्हणून ही कऱ्हेवाडी. समुद्र जवळ असल्यानं इथल्या सगळ्या विहिरी मचूळ. एकीचंच पाणी गोड होतं आणि ती होती भिवराबाईच्या परसात. तिचा नवरा मल्हारी पाथरवट. ज्या मुलखात हंडाभर पाण्यासाठी टेकडी उतरावी लागते तिथं वाढलेला माणूस तो. घरामागं गोड पाणी लागल्यावर त्याला म्हणे झोप लागेना. त्यानं रस्त्याच्या कडेला ही पाणपोई घडवली आणि वर आपल्या खंडोबाचा घोडा कोरला. काम पुरं झालं आणि प्लेगात तो गेला.

मूलबाळ नव्हतं. भिवराबाईनं रडणं आटोपलं आणि ती पाणपोईवर बसायला लागली. विहिरीचं पाणी शेंदायचं, वर माणसांना घालायचं, खाली घोड्याबैलांना. वाडीतल्या बाया घागरी भरून न्यायच्या त्या तिच्याच रहाटावरून. कुणाकडून तिनं कधी काही घेतलं नाही. तिला वाटे, दगडात मल्हारी आहे, पाणी वाहतंय तोवर तो आहे. खुळी समजूत म्हणा हवं तर, पण त्या समजुतीवर ती जगत होती.

मग रस्ता रुंद करायचा हुकूम निघाला. ट्रामचे रूळ टाकायचे म्हणून विहीर बुजवायची आणि पाणपोई पाडायची असं ठरलं. साहेब येऊन खुणा करून गेला. त्या संध्याकाळी नाक्यावरचे झाडून सगळे गाडीवान भिवराबाईच्या दारात जमले. त्यांच्या जनावरांना दुसरीकडं पाणीच नव्हतं. रज्जाक नावाचा त्यांचा म्होरक्या होता. तो म्हणाला, "बाई, तू फक्त हो म्हण. आम्ही गाड्या आडव्या लावतो. शहरात एक चाक फिरू देणार नाही."

भिवराबाई हो म्हणणार होती. पण वाडीचा पंच तात्याबा निम्हण मध्ये पडला. परक्यांना कशाला मध्ये घेतेस, म्हणाला, आपली वाडी काय मेली आहे का. त्यानं सगळ्यांना खंडोबाच्या देवळीपुढं बोलावलं आणि बेलभंडार उचलायचं ठरलं. बेलाचं पान आणि देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द कऱ्हेकाठचा माणूस मोडत नाही. मोडला तर वंश राहत नाही, अशी धास्ती. बेलाची पानं भिवराबाईनं स्वतः धुऊन आणली. भंडाऱ्याची पुडी तात्याबानं कमरेची काढली. एकेका घरातला कर्ता पुढं झाला, पान आणि हळद उचलली आणि म्हणाला, खोदाईवाले येतील त्या दिवशी विहिरीभोवती कडं करीन, मागं सरणार नाही. बायांनीही उचलला. तात्याबाची बायको सगुणा ही भिवराबाईच्या माहेरची, शेजारच्याच घरात वाढलेली. तिनं तर भंडारा कपाळाला लावून घेतला.

भिवराबाईचा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी तिनं रज्जाकला निरोप दिला, "तुमी नका येऊ दादा. तुमच्या पोटावर पाय येईल. माजी माणसं हायेत." रज्जाकनं पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं त्याला हसून पाणी पाजलं आणि वाटेला लावलं.

खोदाईवाले आले ते ऐन वैशाखात. सकाळचं ऊनच पाठ भाजत होतं. मुकादम आणि त्याचे बिगारी कुदळी घेऊन पाणपोईपाशी उभे राहिले. भिवराबाई विहिरीच्या काठावर जाऊन बसली आणि वाडीच्या तोंडाकडं बघू लागली. कुणी येईना. तिला वाटलं, जेवणं उरकत असतील. मग वाटलं, तात्याबा सगळ्यांना घेऊन एकदमच येत असेल. मुकादम भला माणूस होता. तो म्हणाला, बाई, तुमची माणसं बोलावून आणा, आम्ही तोवर थांबतो.

ती वाडीत गेली. दारं लावलेली होती. आत चुली पेटलेल्या, माणसांचे आवाज येत होते, पण ती दारापाशी गेली की आवाज थांबायचे. हाका मारत ती एका दारावरून दुसऱ्या दारावर गेली. शेवटी सगुणाचं दार वाजवलं. सगुणानं ते अर्धंच उघडलं.

"अगं, निघाला न्हाईत अजून? त्ये आलेत."

सगुणा खाली बघत म्हणाली, "कुणी यायचं न्हाई, भिवरे."

"बेलभंडार उचललाय नव्हं?"

"ती हळद वाण्याच्या दुकानची व्हती. द्येवाची न्हवती. तसली शपथ लागत न्हाई." आणि मग, सांगूनच टाकावं म्हणून, ती सांगत सुटली. रस्त्याच्या कंत्राटदारानं कबूल केलं होतं, वाडी आडवी आली नाही तर घरोघरी नळ देईन. रहाट ओढून खांदे गेलेत, घागर वाहून डोक्याचे केस गेलेत. नळाची तोटी फिरवली की पाणी, हे कुणाला नको होईल?

भिवराबाई दाराची चौकट धरून उभी होती. "समद्यांस्नी ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मंग शपथंचं सोंग कशापायी?"

"तू गाडीवानांकडं गेली आसतीस म्हून."

"मला का न्हाई सांगितलंस, सगुणे? मला तरी सांगायचं."

"तुला सांगून काय व्हनार. तू द्येवाचा खरा भंडारा उचलायला लावला आसतास."

केसानं गळा कापणं म्हणतात ते याला. नळ मागितला याचा भिवराबाईला राग नव्हता. नळ कुणाला नको असतो, तिच्याही खांद्याला घट्टे पडले होते. पण देवापुढं उभं राहून सगळ्या वाडीनं एकट्या तिच्यासाठी खेळ मांडला होता आणि पानं मात्र तिच्याकडून धुऊन घेतली होती. ती सगुणाला एवढंच म्हणाली, असं सांगतात, "हळद वाण्याची व्हती, बाई. हात तर तुमचेच व्हते ना."

ती परत आली तेव्हा बिगारी उन्हात बसून होते, ओठ सुकलेले. तिनं रहाट फिरवला आणि एकेकाला पाणी पाजलं. पाजताना प्रत्येकाला विचारलं, कुठलं म्हणायचं पाव्हणं. कुणी तेलंगणातल्या पालमूरचा होता, कुणी काठेवाडचा, कुणी देशावरचा. सगळ्यांची तहान भागल्यावर तिनं मातीची पहिली पाटी स्वतः उचलली आणि आपल्या विहिरीत टाकली. पदराच्या गाठीला शपथेच्या दिवशीचं बेलाचं पान होतं, तेही टाकलं. मग मुकादमाला म्हणाली, आता करा तुमचं काम.

विहीर बुजवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. पण पाणपोईवर कुदळ मारायला बिगारी तयार होईनात. पाणी प्यालोय, हात उचलत नाही, म्हणाले. हुकूम पाणपोई हलवायचा होता, तिचे तुकडे करायचा नव्हता, असा अर्थ मुकादमानं लावला. त्यांनी ती दगड दगड सुटी केली, नव्या रस्त्याच्या कडेला पुन्हा जशीच्या तशी उभारली आणि नव्या नळाची एक नळी तिच्या पन्हळीला जोडून दिली. ज्यांचं या पाण्याशी नातं नव्हतं ते असे पाण्याला जागले. ते बघताना भिवराबाईला म्हणे पहिल्यांदा रडू आलं.

वाडीत घरोघरी नळ आले. नारळ फुटला, तात्याबानं पहिली तोटी फिरवली आणि पाणी आलं ते हळदीसारखं पिवळं. तोंडात घेतलं तर कडू. नव्या लोखंडी नळाचा गंज असणार, दोन दिवसांत गेला असेल, असं शहाणी माणसं म्हणतात. म्हणोत बापडी. एकाच नळाचं पाणी पाणपोईवर नितळ आणि वाडीत पिवळं, हे कोडं त्यांनाही उलगडलेलं नाही. वाडीतल्या बाया तर हादरल्या. त्या घागरी घेऊन पाणपोईकडं धावल्या, सगळ्यांत पुढं सगुणा.

भिवराबाईनं तांब्या उचलला. लहानपणी जिच्याबरोबर एका ताटात जेवली त्या सगुणाच्या तोंडाकडं तिनं बघितलं आणि वाटसरूला विचारावं तसं विचारलं, "कुठल्या म्हणायचं पाव्हणीबाई?"

आवाजात राग नव्हता म्हणे. तेच जास्त लागलं. सगुणानं इथली म्हणावं तर इथल्या माणसांनी काय केलं ते दोघींना ठाऊक. दुसऱ्या गावाचं नाव घ्यावं तर आपल्या तोंडानं आपलं घर नाकारायचं. तिची घागर रिकामीच राहिली. मागच्या बायांनाही तोच प्रश्न आला आणि त्याही तशाच माघारी गेल्या.

भिवराबाई पुढं बरीच वर्षं जगली. वाडीशी भांडली नाही, शाप दिला नाही, कुणाच्या दारीही पुन्हा गेली नाही. ती गेल्यावर गाडीवानांनी पाणपोईवर माणूस बसवला आणि प्रश्न तोच ठेवला. गाडीवानांच्या जागी टॅक्सीवाले आले, आजही ते आपसांत वर्गणी काढून माणूस ठेवतात. वाडीनं मग कधी बेलभंडार उचलला नाही. चंपाषष्ठीला साऱ्या मुलखात भंडारा उधळतात, कऱ्हेवाडीत तो देवासमोर नुसता ठेवतात. हात कुणी लावत नाही.

आता वाडीही अर्धीच उरली आहे. काचेची इमारत उभी आहे ती वाडीच्याच जमिनीवर. खोल्या विकून माणसं पांगली, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी बदलापूरला. जायचं नाही असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं होतं, आणि ज्यांनी मोठ्यानं सांगितलं ते आधी गेले. शपथ तेवढी कुणी घेतली नव्हती.

गेल्या चंपाषष्ठीला इंदुमती निम्हण आल्या होत्या. तात्याबाच्या घराण्यातल्या. जन्म वाडीत, लग्नही वाडीतच, उभं आयुष्य पाणपोईवरून येण्याजाण्यात गेलं आणि एक घोट कधी घेतला नाही. आपली खोली कुठं होती ते शोधत त्या काचेकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग पन्हळीपाशी आल्या आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. बसलेला माणूस नवा होता, त्यांना ओळखत नव्हता. त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "कुठलं म्हणायचं आजी?"

इंदुमतीबाईंनी पुन्हा एकदा त्या काचेकडं बघितलं.

"बदलापूर," त्या म्हणाल्या.

त्यानं पाणी घातलं. त्या प्यायल्या, तोंड पुसलं, आणि ओंजळ तशीच धरून ठेवली.

"आजी, आणखी घालू?"

"घाल बाबा," त्या म्हणाल्या. "आता चालतं."