एका माणसापुरता अंगरखा

फार जुनी गोष्ट आहे, नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची. एका गावात तुळाजी नावाचा नावाडी होता. उभा जन्म त्याने माणसांना या काठावरून त्या काठावर नेलं. त्याची बायको भागू मासे विकायची, फाटकी जाळी सांधायची, नावेतलं पाणी उपसायची. शेवटी दोघंही थकली. नाव धाकट्या भावाला देऊन ती काठावरच्या झोपडीत स्वस्थ राहू लागली.

पण रिकामपण तुळाजीला खायला उठलं. ते पाहून एका माळ्याने त्याला मधमाशांची पेटी दिली.

"मध मिळेल न मिळेल, जीव रमेल," माळी म्हणाला. "फक्त बाजारातून अंगावर घालायचं काहीतरी आण. आणि दोघांनी मिळून करा. एकाने पोळ्याची चौकट उचलायची, दुसऱ्याने जवळून धूर द्यायचा."

नवरा-बायको बाजारात गेली. चौकट उचकटायची पटाशी आणि धुराचं भांडं घेऊन झालं. मग दुकानदाराने मांजरपाटाचे दोन झगे आणि जाळीच्या दोन टोप्या काढल्या. साधेच होते, पण धड होते.

भागूने कापड चाचपलं. "हे बरंय. जाड आहे, आणि दोघांचं भागतंय."

तेवढ्यात दुकानदाराने आतून एक पांढराशुभ्र अंगरखा आणला. दुपदरी कापड, रेशमी जाळी, चामड्याचे लांब हातमोजे. "राजाच्या बागेत हाच घालतात," तो म्हणाला. त्या दोन झग्यांच्या मोलात हा एकच येत होता.

तुळाजीची नजर तिथून हलेना. "जन्मभर जाडंभरडं घातलं, भागू. एकदा तरी चांगलं घेऊ दे."

"आणि मी काय घालू?"

"तू जरा मागे राहा. तुला फक्त धूर तर द्यायचाय."

भागूने हातातलं कापड खाली ठेवलं. वाद घालायलाही बळ लागतं, आणि तिचं कधीच सरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. लांबून दिलेला धूर पोचेना, म्हणून भागू पुढे सरकली. पहिली माशी तिच्या मानेवर बसली, दुसरी पापणीवर. मग कितीतरी. भांडं टाकून पळावं असं तिला वाटलं. पण धूर थांबला असता तर माशा तुळाजीवर उठल्या असत्या. डोळे मिटून ती धूर देत राहिली.

तुळाजीने झाकण लावलं आणि हसत मागे वळला. "बघ, एकसुद्धा चावली नाही!"

मग त्याला तिचा चेहरा दिसला.

त्याने तुळशीचा पाला वाटून तिच्या चेहऱ्यावर लावला. "पुढच्या वेळी हा अंगरखा तू घाल," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

तुळाजीने त्या एकुलत्या अंगरख्याकडे पाहिलं.

"राहू द्या," भागू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी नाही येणार आता. दमले मी."

काही दिवसांनी अंगरख्याच्या पाठीवरच्या गाठी भागूकडून बांधून घेऊन तुळाजी एकटाच पेटीपाशी गेला. धुराचं भांडं जमिनीवर ठेवलं, तर ते विझलं. जाड हातमोज्यांतून चौकट निसटली आणि पोळं फुटलं. माशा घोंघावत उठल्या, त्याच्याभोवती फिरल्या, आणि नदी ओलांडून पलीकडच्या रानात गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

त्याला एकही माशी चावली नव्हती. रिकाम्या पेटीशेजारी तो दिवस कलेपर्यंत बसून राहिला. अंगरखा काढावा म्हटलं, तर पाठीवरच्या गाठींपर्यंत हात पोचेना.

भागू आली. एक डोळा अजून सुजलेलाच होता. तिने एकेक गाठ सोडवली. मग ती म्हणाली, "चला, जेवून घ्या."

मुलांनो आणि मोठ्यांनो, सोबतीला उघडं ठेवून जो फक्त स्वतःला झाकतो, त्याच्या अंगाला इजा होत नाही, पण त्याची सोबत जाते.