कोणता अंगठा दुखतो?

एकदा एक तरुण शिष्य आपल्या गुरूंसमोर तीन खेळयंत्रे मांडून बसला होता. स्थळ आश्रमाचे नव्हे, मिरजेतल्या एका उपचारकेंद्राचे. गुरू म्हणजे मालतीबाई देवस्थळी. अपघाताने किंवा आजाराने दुबळे झालेले हात पुन्हा कामाला लावण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. सत्तरी ओलांडली तरी सकाळी सर्वांच्या आधी त्या केंद्रात हजर असत. शिष्याचे नाव अनुराग कुंभोजकर. पदवी घेऊन तो बाईंच्या हाताखाली शिकायला आला होता. बुद्धी तल्लख, स्वभाव मात्र उतावळा.

मध्ये पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणे असलेली ती यंत्रे दोन्ही हातांत धरून खेळायची होती. अनुरागने ती एका मित्राच्या दुकानातून पारखण्यासाठी आणली होती, ती तन्वीर मुजावर या रुग्णाकरिता.

तन्वीर हा तंबोरे घडवणाऱ्या दस्तगीरचाचांचा मुलगा. भोपळ्यावर बारीक वेलबुट्टी काढण्यात त्याचा हात बसत चालला होता, तोच मोटारसायकलवरून पडून उजवा पंजा चिरडला. शस्त्रक्रिया झाली, जखमा भरल्या, व्यायामाला परवानगीही मिळाली. पण अंगठ्यात आणि तर्जनीत बळ येईना. बळ येण्यासाठी ती वापरायला हवी होती, आणि तन्वीर तर हाताकडे पाहायलाही तयार नव्हता. मातीचा गोळा दिला की बाजूला सारी, रबरी चेंडू दिला की खिशात टाकी. असेच चालले तर बोटे कायमची आखडतील, हे बाईंना स्पष्ट दिसत होते.

पूर्वी तन्वीर मोबाइलवरच्या खेळांत रमत असे, हे अनुरागच्या कानावर आले होते. तो बाईंना म्हणाला, "मोबाइलच्या काचेवर नुसतं बोट फिरतं, जोर लागत नाही. पण खऱ्या बटणांचं यंत्र दिलं तर?"

"फार चांगली कल्पना आहे," बाई म्हणाल्या. "यंत्र निवडायचं कामही तूच कर."

अनुरागने ते मनापासून केले. कोणाचा पडदा किती तेजस्वी, कोणाचे चित्र किती झरझर हलते, बॅटरी कितपत टिकते, आणि या साऱ्याच्या मानाने किंमत काय, असा सगळा तुलनात्मक विचार करून तो बाईंकडे आला.

"हे मोठं काळं यंत्र," तो म्हणाला. "महाग आहे, पण कामगिरीत याला तोड नाही. हे राखाडी मधलं, किमतीच्या मानाने समाधानकारक. आणि हे लहान पिवळं स्वस्त आहे, पण यावर जुने, साधे खेळच चालतात. चाचा काळं घ्यायला तयार आहेत."

बाईंनी तिन्ही यंत्रे कौतुकाने हाताळली. मग कपाटातून पट्टी काढली आणि अनुरागचा उजवा अंगठा अशा बेताने गुंडाळला, की तो हलावा, पण कष्टाने.

"आता तिन्हींवर चालेल असा एकच खेळ घे. मोठ्यापासून सुरुवात कर. मी तोवर इतर रुग्ण बघते."

अनुरागला थोडा अपमान वाटला. तरी आज्ञा म्हणून तो बसला.

बाई परतल्या तेव्हा तो उत्साहात होता. "बाई, माझं मत बदललं! काळं यंत्र बळकट हातांसाठीच आहे, माझं तर मनगट अवघडलं. राखाडी उत्तम! हलकं आहे, आणि बटणांची कामं हवी तशी बदलता येतात. पट्टी आहे हेच विसरायला झालं. पिवळं मात्र अगदीच टाकाऊ. त्यात काही बदलता येत नाही, आणि उजवीकडचं बटण जोर लावून दाबल्याशिवाय उडीच बसत नाही."

बाईंनी पिवळ्या यंत्राचे ते बटण स्वतःच्या अंगठ्याने अनेकदा दाबून पाहिले.

"तन्वीरला हे देऊ," त्या म्हणाल्या.

अनुराग चकित झाला. "बाई, यांतलं सर्वांत वाईट तेच आहे!"

बाईंनी त्याची पट्टी सोडली. "कोणता अंगठा दुखतोय?"

"उजवा."

"राखाडी यंत्रावर खेळताना दुखत होता?"

अनुरागने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. राखाडी यंत्रावर त्याने सगळी कामे डाव्या बाजूला घेतली होती. पट्टीतला अंगठा आरामात पडून होता. म्हणून तर खेळ इतका सुखाचा वाटला होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तू केलेली मोजमापं खोटी नाहीत. काळं यंत्र खरोखरच अप्रतिम आहे, ज्यांनी ते घडवलं त्यांना नमस्कारच करावा. पण आधी तू कामगिरी पडद्यावर पाहिलीस, नंतर स्वतःच्या सोयीत पाहिलीस. आपल्याला ती पाहायची आहे तन्वीरच्या अंगठ्यात. कोणासाठी आणि कशासाठी, हे ठरल्यावाचून स्वस्त आणि महाग या शब्दांना अर्थ नसतो. राखाडी यंत्र फुकट मिळालं असतं, तरी तन्वीरला महागच पडलं असतं. त्याचा हात होता तिथेच राहिला असता."

दुसऱ्या दिवशी दस्तगीरचाचा आले. पिवळे यंत्र पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, माझ्या ऐपतीकडं बघून तर हलकं सांगत नाही ना? पोराच्या हातासाठी मी मागं-पुढं बघणार नाही."

"चाचा, तंबोऱ्याला तार निवडता ती महाग बघून निवडता का?"

"छे! गाणाऱ्याचा गळा बघून." चाचा म्हणाले, आणि क्षणभराने स्वतःच हसले. "बरं. द्या तुम्ही म्हणता ते."

केंद्रातल्या आपल्या खोलीत तन्वीरने मात्र ते यंत्र पलंगावर फेकले. "हे असलं जुनाट? याच्यावर कोण खेळतं आता?" अनुराग काहीतरी समजवायला पुढे झाला, पण बाईंनी त्याला नजरेने थांबवले. यंत्र तिथेच ठेवून दोघे बाहेर आले.

थोड्या वेळाने खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. अनुराग धावला. तन्वीर यंत्र हातात धरून लालबुंद झाला होता. "मी दाबलं होतं! खड्ड्याच्या काठावरच दाबलं होतं! हे बटणच बिनडोक आहे!"

अनुराग चिंतेने परतला. "बाई, तो फार चिडलाय."

"कोणावर?"

"यंत्रावर."

बाईंचे डोळे भरून आले. "अपघातापासून तो स्वतःच्या हातावर चिडत होता. आज पहिल्यांदाच दुसऱ्या कशावर तरी चिडलाय. जा, पण लक्ष ठेव. अंगठ्याला सूज दिसली की खेळ बंद."

त्या खड्ड्यात तन्वीर कितीदा पडला, याची गणती कोणी केली नाही. पण एक दिवस तो खड्डा ओलांडून गेला आणि एवढ्याने ओरडला की शेजारच्या खोलीतले रुग्ण दारात येऊन उभे राहिले. पुढे तो अनुरागला खेळायला बसवू लागला आणि हरवू लागला. हळूहळू मातीचा गोळाही त्याने आपण होऊन मागून घेतला, कारण पुढच्या टप्प्यावरच्या राक्षसाला हरवायला अंगठा आणखी चपळ हवा होता. अनुराग रोज त्याच्या बोटांची ताकद तपासी, आणि तपासताना बाईंच्या त्या एका प्रश्नाची त्याला नव्याने थोरवी पटे.

पावसाळा सरता सरता तन्वीर वडिलांच्या कारखान्यात परत बसू लागला. पहिल्या दिवशी त्याने एका नव्या भोपळ्यावर पानाची एकच रेष काढली. ती वाकडी आली. तो ती पुसायला निघाला, तेव्हा चाचांनी त्याचा हात धरला. "राहू दे," एवढेच ते म्हणाले. त्या भोपळ्याचा तंबोरा त्यांनी विकायला ठेवला नाही.

पुढे काही वर्षांनी अनुराग स्वतः शिकवू लागला. एकदा त्याचे एक स्नेही घरी आले आणि मुलीच्या वाढदिवसाचा विषय निघाला. "तुला यातलं कळतं म्हणे. हातातल्या खेळयंत्रांत आज किमतीच्या मानाने सर्वांत चांगलं कोणतं?"

पूर्वीचा अनुराग असता, तर त्याने तिथल्या तिथे नाव सांगितले असते. तो म्हणाला, "आधी मुलीला घेऊन या. ती कशी खेळते, ते मला पाहू दे."

वस्तूंची तुलना आपण अवश्य करावी. फक्त ती ज्याच्या हातात जाणार, त्याचा हात आधी हाती घ्यावा.