मठातला वायफाय

“मोडेमचं ते किंचाळणं आठवतंय का, बुवा? पंचवीस वर्षांपूर्वीचं? तारेतून इंटरनेट यायचं, तेव्हा कुणी गळा दाबल्यासारखा आवाज व्हायचा. आता ना आवाज, ना घरभर तारा. तालुक्यात घरोघरी मी वायफाय लावून दिला. आणि हिला माझी किंमत नाही!”

दिगंबर तावातावानं बोलत होता. मठाच्या भिंतीवरचा वायफायचा डबा त्यानंच सकाळी बसवला होता.

त्याची बायको सुलभा खांबाशी बसली होती. आठ दिवसांपूर्वी ती माहेरी निघून गेली होती. बुवांनी निरोप धाडला, म्हणून आली. दोघं एका वाटेनं घरी जावीत, एवढंच बुवांच्या मनात होतं.

“अहो, मी काय म्हणते…”

“थांब! माझं संपलेलं नाही.”

बुवांच्या कपाळाची शीर उडाली. पण त्यांनी बोट केलं ते डब्याकडे.

“दिगू, इथं वीस माणसं जेवायला बसतात. वीस मोबाईल. सगळे एकदम बोलले तर कालवा नाही होत?”

हे सांगायला दिगंबरला फार आवडे.

“छे! प्रत्येक मोबाईल आधी ऐकतो. हवेत दुसरं कुणी बोलत असेल तर गप्प राहतो. चुकून दोघं एकदम बोलले, तर दोघांचंही वाया जातं. मग दोघंही थांबतात. पुन्हा ऐकतात. आणि वायफायच्या या नव्या पिढीत तर डबाच प्रत्येकाला त्याचा वाटा नेमून देतो.”

“आणि एखादा ऐकतच नसला तर?”

“तो सगळ्यांचंच बिघडवतो. असलं यंत्र उचलून फेकून द्यायचं!”

बुवांनी सुलभाला बोलायची खूण केली.

“मी यायला तयार आहे,” सुलभा हळूच म्हणाली. “फक्त…”

“फक्त? अटी घालतेस? आठ दिवस चारचौघांत माझं हसं केलंस, आणि वर…”

“दिगू!” बुवा कडाडले. मठानं त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

“तुम्ही मध्ये बोलू नका, बुवा!”

सुलभा उठली. बुवांच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून निघून गेली.

“बघितलंत? एक शब्द न बोलता गेली!”

बुवांनी डोळे पुसले.

“हं. आता बोल,” ते म्हणाले. “हवं तेवढं बोल.”